धोटा, जॉबर आणि लाल बावटा

गिरणीतल्या मागावर धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे धावतो आणि त्याच्या पोटातल्या कांडीवरचे सूत कापडात आडवे भरत जाते. कांडी संपली की विणकराने नवी बसवायची आणि तिच्या सुताचे टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायचे. तेवढा वेळ माग थांबलेला. मजुरी मिळणार ती विणलेल्या कापडावर, तेव्हा थांबलेला माग म्हणजे बुडालेला पैसा. सगळ्यात झटपट उपाय एकच होता : भोकाला ओठ लावायचे आणि श्वास आत ओढून सूत खेचायचे. दिवसभरात हे कितीदा तरी करावे लागे. लँकेशायरच्या विणकरांनी हे केले आणि मुंबईच्याही. सुताबरोबर कापसाचे तंतू छातीत जात. एकाच धोट्याला अनेकांचे ओठ लागत, त्यामुळे रोग पसरण्याची भीती असे ती वेगळीच.

मुंबईत या रीतीतून आणखी एक गोष्ट निघाली. धोटा उष्टा होतो आणि त्यातून विटाळ होतो, म्हणून त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना विणकाम खात्यात पाऊल ठेवू दिले जात नसे. त्यांनी सूत कातण्याच्या खात्यात राबायचे. विणकरांची कमाई त्याहून बरीच चांगली होती, पण ती दारे बंद. आणि ही दारे धरून उभे होते ते शेजारच्या मागावर तितकेच राबणारे, तितकेच कर्जबाजारी असलेले सवर्ण कामगार.

भांडवलशाही, समाजवाद आणि वर्ग यांची ओळख आपल्याला बहुतेक वेळा मँचेस्टर, पॅरिस किंवा पेट्रोग्राडच्या गोष्टींतून होते. त्या गोष्टींत कारखाना उभा राहतो, मजूर गोळा होतात आणि जणू ओघानेच कामगारवर्ग जन्माला येतो. मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास वेगळे सांगतो. इथे भांडवल आले, यंत्रे आली, हजारो माणसे एका छपराखाली आली. तरीही त्यांचा वर्ग झाला नव्हता. तो माणसांनी बांधला. जातीशी, गावकीशी आणि जॉबर नावाच्या मुकादमाच्या सत्तेशी झगडत, वर्षानुवर्षे खपून बांधला.

व्यापाऱ्यांचे गिरणीमालक झाले

१८५३ साली बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली. त्याच वर्षी कार्ल मार्क्सने न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात लिहिले की रेल्वेच्या मागोमाग हिंदुस्थानात आधुनिक उद्योग आल्याशिवाय राहणार नाहीत. वर्षभरातच, १८५४ मध्ये, कावसजी नानाभाई दावर या पारशी व्यापाऱ्याने ‘बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी’ स्थापन केली. भांडवल पाच लाख रुपये. ते शहरातल्या पन्नासेक व्यापाऱ्यांनी मिळून उभे केले. १८५६ मध्ये ताडदेवच्या या गिरणीत सूत निघू लागले.

हा पैसा आला होता चीनशी चाललेल्या अफू आणि कापसाच्या व्यापारातून. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शेअरबाजार बेफाम चढला, आणि युद्ध संपताच १८६५ मध्ये कोसळलाही. नुसत्या व्यापारावर विसंबण्यातला धोका पोळलेल्या व्यापाऱ्यांना कळून चुकला होता. पुढच्या दोन-तीन दशकांत गिरण्यांचे पीक आले आणि शतक संपताना मुंबईत ऐंशीच्या आसपास गिरण्या उभ्या होत्या. त्यांचे सूत मोठ्या प्रमाणात चीनला जाई.

गिरणी चालवायची पद्धतही खास होती. कारभार असे मॅनेजिंग एजंटकडे. कंपनीला नफा होवो की तोटा, निघालेल्या मालावर किंवा विक्रीवर त्याचे कमिशन ठरलेले. साहजिकच जास्तीत जास्त माल काढण्याकडे त्याचा ओढा असे. बाजार पडला की तोट्याची भरपाई व्हायची ती मुख्यतः एकाच ठिकाणाहून : मजुरीतून.

मालकांवर आणखी एक दबाव होता, तो लँकेशायरचा. मुंबईतल्या मजुरांचे हाल पाहून तिथल्या कारखानदारांना पाझर फुटला खरा, पण स्वस्त मजुरीवर निघणारे मुंबईचे सूत त्यांच्या पोटावर पाय आणत होते, हे त्यामागचे मोठे कारण. त्यांच्या दबावाचा हातभार लागून १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा झाला. त्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. मोठ्यांच्या तासांना हात लावला नाही. दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत गिरणी चाले. पुढे विजेचे दिवे आले तेव्हा सूर्य मावळल्यावरही काम थांबेना.

रविवार मिळाला तो असा

या मजुरांच्या बाजूने पहिल्यांदा ठामपणे उभे राहिले नारायण मेघाजी लोखंडे. त्यांचा जन्म १८४८ चा. जोतीराव फुल्यांचे ते सहकारी, सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’ या पत्राचे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी मजुरांच्या सभा भरवल्या. हजारो मजुरांच्या सह्या-अंगठ्यांचे निवेदन सरकारी आयोगापुढे गेले. मागण्या साध्या होत्या : आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार, काम करताना जखमी झालेल्याला मदत. एप्रिल १८९० मधल्या सभेला दहा हजारांच्या आसपास मजूर जमले. तिथे दोन गिरणी कामगार स्त्रियाही बोलल्या. त्याच वर्षी मालक संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली.

लोखंडे समाजवादी नव्हते. मालकांशी वैर धरण्यापेक्षा अर्ज, निवेदने आणि लोकमत यांवर त्यांचा भर होता. पण मजुरांचे पहिले संघटन ब्राह्मणेतर चळवळीच्या कुशीत जन्मले, हे विसरून चालत नाही. श्रमाचा आणि जातीचा प्रश्न मुंबईत पहिल्या दिवसापासून एकत्रच होता.

दारात उभा असलेला जॉबर

रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, घाटावरची दुष्काळी गावे : गिरणीतला माणूस आला तो इथून. एकटा आला, गावच्या माणसाच्या ओळखीने आला. राहिला गावकीच्या खोलीत, जेवला एखाद्या बाईच्या खानावळीत. खोलीत माणसे इतकी, की एक पाळी कामावर गेली की दुसरीने तिथे अंग टाकायचे. गावाकडे बायको-मुले आणि जमिनीचा तुकडा. शिमग्याला आणि गणपतीला जायचे, पेरणीला जमले तर जायचे.

त्याला काम द्यायचा तो जॉबर. नावाला हा खात्यातला मुकादम, प्रत्यक्षात भरती, बढती, दंड आणि हकालपट्टी सगळे त्याच्या हाती. कामाला लावायची दस्तुरी तो घेई, कर्ज देई, खोली मिळवून देई. कायम नोकरी नसलेले बदली कामगार भल्या पहाटे गिरणीच्या दारात उभे राहत. आज कोण गैरहजर आहे, त्याच्या जागी कोणाला आत घ्यायचे, हे जॉबर ठरवी. नाव पुकारले नाही तर तो दिवस गेला. मालकाला ही व्यवस्था सोयीची होती; बाजाराच्या चढउतारानुसार माणसे कमीजास्त करता येत. या व्यवस्थेत कामगाराची निष्ठा जॉबरला, गावाला आणि जातीला. शेजारच्या खात्यातला परगावचा माणूस आपला, असे त्याला वाटावे कशाला?

ते वाटायला लावले संपांनी. जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा कामगारांनी वर्षाला एक याप्रमाणे सहा दिवस गिरण्या बंद पाडल्या. लेनिनने त्याची दखल घेतली. १९२५ मध्ये मालकांनी मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. दीड लाख कामगार सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत बाहेर राहिले. हिंदी कापडावर १८९६ पासून असलेला साडेतीन टक्के अबकारी कर रद्द करावा म्हणून मालक तीन दशके सरकारचे उंबरे झिजवत होते. या संपाच्या दडपणाखाली सरकारने तो उठवला आणि कपात मागे घेतली गेली. मालकांच्या अर्जांनी जे झाले नाही, ते कामगारांच्या उपासमारीने झाले.

१९२८ : सहा महिने

मग आला १९२८ चा संप. ‘रॅशनलायझेशन’ या नावाखाली मालकांनी दोन मागांच्या विणकराला तीन माग सांभाळायला सांगितले. अर्थ सरळ होता : माणसे कमी, काम जास्त. एप्रिलच्या अखेरीस गिरण्या बंद पडल्या त्या ऑक्टोबरपर्यंत. याच संपात श्रीपाद अमृत डांगे आणि त्यांच्या कम्युनिस्ट साथीदारांनी, स्वतः गिरणीत काम केलेल्या अर्जुन आत्माराम आळवे यांच्यासारख्या कामगार पुढाऱ्यांसह, गिरणी कामगार युनियन उभी केली. हीच लाल बावट्याची युनियन. वर्ष संपेपर्यंत तिचे सभासद पन्नास हजारांच्या वर गेले.

युनियनची खरी ताकद होती प्रत्येक गिरणीत कामगारांनी निवडलेल्या गिरणी समित्यांत. तक्रार घेऊन आता जॉबरच्या दारी जायचे नाही, समितीकडे जायचे. समाजवाद हा शब्द ज्याने कधी ऐकला नव्हता, त्याला तो इथे कळला : आपल्या कामाविषयी चारचौघांत बसून आपण ठरवू शकतो, आणि ठरवलेले साहेबाला ऐकावे लागते.

पण विणकाम खात्याचे काय? हा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या नेत्यांपुढे टाकला. कामगारांची एकजूट हवी असेल तर आधी विणकाम खाते सर्वांना खुले करण्याची मागणी यादीत घाला, असा त्यांचा आग्रह होता. नेत्यांनी ती घातली, पण आढेवेढे घेत. मालकांनी तर हात झटकले : तुमच्या कामगारांनीच घातलेली ही बंदी आहे, त्याला आम्ही काय करणार? तांत्रिकदृष्ट्या खरेच होते ते. कम्युनिस्टांना वाटे, वर्गलढा पुढे गेला की जात मागे पडेल. आंबेडकर विचारत होते की जात मोडल्याशिवाय वर्गाची फौज उभी राहील कशी? फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे बजावले.

हे दोन प्रवाह कधीच एकत्र आले नाहीत असे मात्र नाही. १९३८ मध्ये मुंबईच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने संपाच्या हक्कावर बंधने घालणारे औद्योगिक कलह विधेयक आणले. त्याविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि लाल बावटा यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. गिरणगावात हे दोघे एकत्र चालले ते त्या दिवशी. गोळीबार झाला, विधेयक तरीही मंजूर झाले. ती एकजूट पुढे टिकली असती, तर मुंबईच्याच नव्हे, देशाच्या कामगार चळवळीचा चेहरा वेगळा दिसला असता.

कायद्याने तोंड बांधले

वर्ग मोडायला गोळीच लागते असे नाही. मार्च १९२९ मध्ये मीरतच्या कम्युनिस्ट कटाच्या खटल्यासाठी डांगे, आळवे यांच्यासह देशभरातले पुढारी उचलले गेले आणि त्याच वर्षीचा संप फसला. त्याहून खोल परिणाम केला तो १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने. एका भागातल्या एका उद्योगात एकच ‘प्रातिनिधिक’ युनियन. मालकाशी बोलणी करण्याचा अधिकार फक्त तिला. गिरण्यांत हा मान राष्ट्रीय मिल मजदूर संघाला मिळाला आणि दशकानुदशके त्याच्याकडेच राहिला. कामगारांनी मोर्चे दुसऱ्याच्या झेंड्याखाली काढले, सह्या मात्र या संघाच्या.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात हा पेच उघडा पडला. अडीच लाखांच्या आसपास कामगार युनियन नेते डॉ. दत्ता सामंतांच्या मागे गेले. पगारवाढीइतकीच मोठी मागणी होती हा कायदा रद्द करण्याची. सरकार ते मानायला तयार नव्हते. मानले असते तर इतर उद्योगांतही सामंतांना वाट मोकळी झाली असती. मालकांना घाई नव्हती. कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर स्वस्तात विणून मिळत होते आणि गिरणीखालची जमीन गिरणीपेक्षा मौल्यवान होत चालली होती. कामगार गावी गेले, गावाने काही महिने पोसले. मागे राहिलेल्या घरांतल्या बायकांनी धुणीभांडी केली, भाजी विकली, डबे दिले. हा संप कोणी रीतसर मागे घेतलाच नाही. लाखाहून जास्त कामगारांची नोकरी मात्र गेली.

उरली जमीन, सुमारे सहाशे एकर. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांत ती विकायची झाल्यास एक तृतीयांश शहराच्या मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाच्या घरांसाठी आणि एक तृतीयांश मालकासाठी, अशी वाटणी होती. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जागेला लागू केली, आणि शहराचा व घरांचा वाटा आक्रसला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती ग्राह्य धरली. लोअर परळला मॉल आणि मनोरे उभे राहिले.

गिरणी कामगारांच्या घरांची मोठी सोडत २०१२ मध्ये निघाली. घरे काही हजार, अर्ज दीड लाखाच्या आसपास. उरलेल्यांपुढे सरकारने शेलू आणि वांगणीचा पर्याय ठेवला, म्हणजे परळपासून लोकलने दीड-दोन तासांवरची घरे. कामगार आणि त्यांच्या वारसांच्या संघटनांनी तो नाकारून आझाद मैदानावर मोर्चे काढले. बहुतेक मूळ अर्जदार आता सत्तरी ओलांडलेले किंवा हयात नसलेले; लढतात ती मुले आणि सुना. त्यांची मागणी मुंबईतल्या घराची आहे आणि ती न्याय्य आहे. या शहराची संपत्ती उभी करणाऱ्यांना त्याच शहरात तीनशे चौरस फूट जागा देणे सरकारला जड जाऊ नये.