पहिला कॅमेरा : लष्करच्या उजेडात चार पावले

घरात चार पैसे शिल्लक पडू लागले आणि मुलामुलींपैकी कोणी हौशी निघाले, की हल्ली पुष्कळ कुटुंबांत एक मागणी पुढे येते : “आपल्याला एक चांगला कॅमेरा हवा.” मागणी वावगी नाही. घरातील बाप्तिस्मे, लग्ने, गावचा सण, आजीआजोबांचे थकलेले पण प्रसन्न चेहरे, हे सारे पुढील पिढीस पाहावयास मिळावे असे कोणाला वाटणार नाही? परंतु ही रक्कम लहान नसते. ती कोणाच्या भाताची असते, कोणाच्या दुधाची, तर कोणाच्या पहिल्या पगाराची. आणि दुकानात पाऊल टाकताच खरेदीदारासमोर येतात ते आकडे : इतके मेगापिक्सेल, इतकी पट झूम, सोबत पिशवी फुकट! त्या आकड्यांच्या गर्दीत मूळ प्रश्नच हरवून जातो. तो प्रश्न असा की, चित्रे काढावयाची कशाची, आणि कोणत्या उजेडात?

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपण मनाने जरा दूर, ग्वाल्हेरच्या लष्करात जाऊ. हे गाव मराठी माणसाला परके नव्हे. १८१० साली दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ किल्ल्याच्या दक्षिणेस पडला. तळाचे शहर झाले, तरी नाव ‘लष्कर’ हेच राहिले. मराठी कुटुंबे तेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. लष्कर आणि त्याच्या आसपासची चार ठिकाणे अशी आहेत की, त्या चारी ठिकाणी उजेड निराळा, अंतर निराळे. तेथे जो कॅमेरा उपयोगी पडेल, तो आपल्या गावीही पडेल.

आरशाचा कॅमेरा

प्रथम हे यंत्र समजून घेऊ. डीएसएलआर म्हणजे डिजिटल सिंगल लेन्स रिफ्लेक्स. यात लेन्समधून आलेला प्रकाश आतल्या तिरप्या आरशावर पडून वर वळतो आणि एका लोलकातून आपल्या डोळ्यास पोहोचतो. म्हणजे लेन्स जे पाहते तेच आपण पाहतो. बटण दाबताच आरसा क्षणभर वर उचलला जातो, मागील पडदा उघडतो, आणि प्रकाश सेन्सर नावाच्या चकतीवर पडून चित्र उमटते. लेन्स काढून दुसरी लावता येते, हे या कॅमेऱ्याचे मोठे बळ. मोबाइलच्या मानाने सेन्सरही पुष्कळ मोठा असतो. नवशिक्याच्या निकॉन कॅमेऱ्यांत तो सुमारे २३.५ मिलिमीटर लांब व १५.६ मिलिमीटर रुंद असतो. मोठे पातेले ठेवले की पावसाचे पाणी अधिक साचते, तसाच हा प्रकार.

१९७५ साली कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा बनवला. त्याचे वजन सुमारे ३.६ किलो होते, आणि एक लहानसे कृष्णधवल चित्र कॅसेटच्या फितीवर उतरावयास त्याला २३ सेकंद लागत. १९९१ मध्ये कोडॅकचाच व्यापारी डीएसएलआर आला, तो केवळ वृत्तपत्रांच्या आवाक्यातला. २००३ साली कॅननने ईओएस ३००डी हा एक हजार डॉलरांच्या आतील कॅमेरा काढला, आणि तेव्हापासून हे यंत्र सामान्य हौशी माणसाच्या हाती येऊ लागले.

आता मात्र काळ पुन्हा पालटला आहे. कॅनन व निकॉन या दोन्ही कंपन्यांनी आपले लक्ष बिनआरशाच्या, म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यांकडे वळवले आहे. त्यामुळे आरशाचे चांगले कॅमेरे जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागले आहेत. नवशिक्या गृहस्थाच्या दृष्टीने ही संधीही आहे, आणि फसगतीची जागाही आहे.

पहिले पाऊल : किल्ल्यावरचे ऊन

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर मानसिंह तोमर याचा मानमंदिर महाल आहे. हा राजा १४८६ ते १५१६ या काळात राज्य करीत होता. महालाच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या, पिवळ्या, हिरव्या फरशांतून हत्ती, पक्षी व केळीची झाडे रेखाटली आहेत. सकाळच्या उन्हात ही भिंत अशी उजळते की तिचे चित्र साध्या कॅमेऱ्यानेही सुरेख येते, मोबाइलनेदेखील येते. भरपूर उजेडात स्वस्त आणि महाग यांतील अंतर फार थोडे उरते.

मेगापिक्सेलचा बडेजाव येथेच ओळखावा. ए-४ आकाराच्या कागदावर उत्तम छपाई करावयाची, तर इंचास ३०० ठिपके या हिशेबाने २,४८० गुणिले ३,५०८, म्हणजे सुमारे ८.७ मेगापिक्सेल पुरतात. गेल्या दहाबारा वर्षांतील बहुतेक डीएसएलआर १८ ते २४ मेगापिक्सेलचे आहेत. तेव्हा या आकड्यापायी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

दुसरे पाऊल : जयविलासचा दरबार

लष्करातील जयविलास महाल १८७४ साली जयाजीराव शिंद्यांनी बांधविला. आराखडा मायकेल फिलोज यांचा. १९६४ पासून महालाचा एक भाग संग्रहालय म्हणून लोकांस खुला आहे. त्याच्या दरबार दालनात प्रत्येकी सुमारे साडेतीन टन वजनाची दोन झुंबरे टांगलेली आहेत. ती टांगण्यापूर्वी छत पेलते की नाही हे पाहण्यासाठी वर हत्ती चढवले होते, अशी कथा तेथे सांगतात. दालन भव्य, परंतु उजेड मंद. आपल्या गावच्या चर्चमध्ये संध्याकाळी लग्न लागते तेव्हा असाच उजेड असतो; आणि तेथे झगझगीत फ्लॅश मारणे प्रसंगाला शोभतही नाही.

येथे कामास येते ती लेन्स. नव्या कॅमेऱ्यासोबत बहुधा १८-५५ मिलिमीटरची लेन्स देतात. झूम पूर्ण ओढली की तिचे तोंड एफ ५.६ पेक्षा अधिक उघडत नाही. ५० मिलिमीटरची एफ १.८ ही साधी लेन्स घेतली, तर तितक्याच वेळात सुमारे नऊ ते दहा पट प्रकाश आत येतो. एफपुढचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे तोंड मोठे, हे सूत्र पाठ करून ठेवावे. या लेन्सला झूम नाही. मागेपुढे आपल्या पायांनी व्हावे लागते. पण मंद उजेडात वधूवरांचे चेहरे टिपण्यास तिच्यासारखी स्वस्त व गुणी सोबतीण नाही.

म्हणून पहिला नियम असा : पैसे बेताचे असतील तर बॉडी साधी घ्यावी आणि वाचलेल्या पैशांत लेन्स घ्यावी. बॉडी काही वर्षांत जुनी होते; चांगली लेन्स पुढच्या बॉडीवरही चालते. एक सावधगिरी मात्र बाळगावी. निकॉनच्या डी ३५०० सारख्या लहान कॅमेऱ्यांत फोकस फिरवणारी मोटर नसते. त्यांस ‘एएफ-एस’ किंवा ‘एएफ-पी’ जातीची लेन्स लागते. जुनी ‘एएफ-डी’ लेन्स स्वस्त मिळाली म्हणून घेतली, तर फोकस हाताने फिरवीत बसावे लागेल.

तिसरे पाऊल : तानसेनच्या समाधीपाशी

हजिरा भागात महंमद घौस यांच्या मकबऱ्याशेजारी तानसेनची समाधी आहे. तेथे दर वर्षी डिसेंबरात संगीत समारोह भरतो. २०२४ साली तो शंभरावा झाला. रात्रीचा मंच, दूर बसलेला गायक, आणि आपण श्रोत्यांच्या मागच्या रांगेत! गावच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात आईबापांची हीच अवस्था असते. येथे ५५-२५० मिलिमीटरसारखी लांब लेन्स हवीशी वाटते. परंतु स्वस्त लांब लेन्सचे तोंड लहान असते. रात्री पडदा अधिक वेळ उघडा ठेवावा लागतो आणि चित्र हलते. आयएसओ, म्हणजे सेन्सरकडून आलेल्या खुणेची वाढ, चढवता येते. पण तो फार चढवला की चित्रात दाणे दिसू लागतात. तेव्हा लांब लेन्स ही दुसरी खरेदी असावी, पहिली नव्हे. प्रथम परवानगी काढून पुढच्या रांगेत जागा मिळवावी. त्यास काहीच खर्च नाही.

चौथे पाऊल : महाराज बाड्यातील गर्दी आणि धूळ

लष्करचे हृदय म्हणजे महाराज बाडा. टपाल कचेरी, टाउन हॉल, व्हिक्टोरिया मार्केट अशा निरनिराळ्या घडणीच्या इमारती एका चौकाभोवती उभ्या आहेत. एवढा चौक चित्रात बसवावयाचा तर १८ मिलिमीटरचे रुंद टोकच हवे. म्हणजे सोबत मिळालेली लेन्स येथे उपयोगी पडते. गावच्या सणाची मिरवणूकही तिच्यातच मावते.

उन्हाळ्यात मात्र येथे उष्ण वारे वाहतात आणि धूळ उडते. भर रस्त्यात लेन्स बदलली की धूळ सेन्सरवर बसून प्रत्येक चित्रात काळे ठिपके उमटवते. लेन्स बदलणे घरात, कॅमेऱ्याचे तोंड खाली धरून करावे. धूळ रबरी फुग्याने उडवावी, तोंडाने फुंकू नये. कोकणातील वाचकांना धुळीपेक्षा दमट हवेचे भय अधिक. पावसाळ्यात चामड्याच्या बंद पिशवीत ठेवलेल्या लेन्सला बुरशी लागते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून कॅमेरा ठेवावा आणि अधूनमधून वापरात आणावा.

जुना घेताना

जुना कॅमेरा घेण्यात कमीपणा नाही. न पाहता घेण्यात आहे. चार गोष्टी तपासाव्यात. पडदा किती वेळा उघडला आहे ते विचारावे. साध्या कॅमेऱ्याचा पडदा साधारण एक लाख चित्रांपर्यंत टिकेल असे धरतात. लेन्समध्ये विजेरीचा प्रकाश टाकून कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी आहे काय ते पाहावे. एफ १६ वर मोकळ्या आभाळाचे चित्र घेऊन डाग शोधावेत. आणि बिलावरील क्रमांक कॅमेऱ्यावरील क्रमांकाशी जुळतो की नाही ते पाहावे. चोरीचा माल घरात येता कामा नये.

आरशाच्या कॅमेऱ्याचा आणखी एक गुण खेड्यात मोलाचा ठरतो. डोळ्यास दिसणारे दृश्य विजेवाचून येत असल्याने बॅटरी पुष्कळ पुरते. २०१८ साली आलेल्या व आता निर्मिती थांबलेल्या निकॉन डी ३५०० ला एका भरणीत १,५५० चित्रांचे मान दिलेले आहे. बहुतेक बिनआरशाचे कॅमेरे त्याच्या निम्म्यापर्यंतही पोहोचत नाहीत. उलट, बिनआरशाचे कॅमेरे हलके असतात, चेहरे व डोळे आपोआप हेरतात, आणि नव्या लेन्सा त्यांच्यासाठीच निघत आहेत. ज्याला पुढे हा व्यवसाय करावयाचा आहे त्याने त्यांचाही विचार अवश्य करावा.

व्यवसायाचे नाव निघाले म्हणून एक स्पष्ट शब्द. “कॅमेरा घेतला की लग्नाची कामे मिळतील,” या आशेने कर्ज काढू नये. दुसऱ्याच्या लग्नाची चित्रे पुन्हा काढता येत नाहीत; त्यासाठी जोडीला दुसरी बॉडी, जादा कार्डे, जादा बॅटऱ्या, आणि सर्वांहून अधिक म्हणजे सराव लागतो. एखाद्या जाणत्या छायाचित्रकाराच्या हाताखाली एक हंगाम काढावा. मग यंत्र घ्यावे.

खरेदीपूर्वीचा महिना

राजा दीनदयाळ हे इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नोकरीस असताना छायाचित्रण शिकले. ग्वाल्हेरच्या किल्ल्याची त्यांनी काढलेली चित्रे लेपेल ग्रिफिन यांच्या १८८६ सालच्या ग्रंथात आली. लाकडी पेटी आणि काचेच्या पट्ट्या वाहून न्यावयाच्या. एकेक पट्टी खर्चाची. म्हणून पाहणे आधी, आणि पडदा उघडणे मागून. आज चित्रास पैसा पडत नाही. तरी तो क्रम बदललेला नाही.

तेव्हा कॅमेरा घेण्यापूर्वी एक महिना घरच्या मोबाइलनेच चित्रे काढावीत, आणि जे चित्र मनासारखे आले नाही त्याचे कारण वहीत लिहावे. ‘अंधार होता’ हे कारण वारंवार आले, तर मोठ्या तोंडाची लेन्स हवी. ‘माणूस दूर होते’ असे आले, तर लांब लेन्स हवी. ‘मूल हलले’ असे आले, तर झटपट पडदा उघडझाप करणारा कॅमेरा हवा. आणि महिनाअखेर वही कोरीच राहिली, तर पैसे बँकेत ठेवावेत. वही भरली असेल, तर ती घेऊनच दुकानात जावे आणि दुकानदाराने आकडे सांगण्याआधी आपण त्याला आपली कारणे वाचून दाखवावीत.