विश्लेषण : रोज १० हजार पावले चालायलाच हवीत का?

मनगटावरच्या घड्याळात रात्री साडेनऊला ६,२०० चा आकडा दिसतो आणि दिवस वाया गेल्यासारखे वाटते. चार दिवस असेच गेले की अनेक जण चालणेच सोडून देतात. मात्र ज्या १० हजारांच्या उद्दिष्टापायी ही निराशा येते, ते मुळात वैद्यकीय संशोधनातून ठरलेच नव्हते. मग तंदुरुस्तीसाठी नेमकी किती हालचाल पुरते?

१० हजारांचा आकडा आला कुठून?
१९६४ मध्ये टोकियोत ऑलिम्पिक झाले आणि जपानमध्ये व्यायामाची लाट आली. त्या वातावरणात १९६५ मध्ये एका कंपनीने पावले मोजणारे यंत्र बाजारात आणले. त्याचे नाव होते ‘मानपो-केई’, म्हणजे ‘दहा हजार पावलांचे मापक’. आकडा गोल आणि लक्षात राहणारा होता. पुढे तो मोबाइल अॅप आणि स्मार्ट घड्याळांत जसाच्या तसा उतरला.

संशोधन काय सांगते?
‘द लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये २०२५ साली अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार, दिवसाला २ हजार पावले चालणाऱ्यांच्या तुलनेत ७ हजार पावले चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका ४७ टक्क्यांनी कमी दिसला. हृदयविकार, स्मृतिभ्रंश आणि पडून होणाऱ्या दुखापतींचा धोकाही कमी आढळला. त्याआधी २०१९ मध्ये अमेरिकेतील वयस्कर महिलांच्या अभ्यासात (सरासरी वय ७२) सुमारे ४,४०० पावलांपासूनच फरक दिसू लागला होता आणि ७,५०० च्या आसपास तो स्थिरावला होता. असे अभ्यास निरीक्षणावर आधारलेले असतात. आजारी माणूस मुळातच कमी चालतो, त्यामुळे सगळे श्रेय चालण्याला देता येत नाही. तरीही सर्वाधिक फायदा ‘अगदी कमी’वरून ‘थोडे जास्त’कडे जाण्यात आहे, हा कल वारंवार दिसला आहे.

बसून काम करण्याचा धोका कधी लक्षात आला?
ब्रिटिश संशोधक जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये लंडनच्या बस कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. डबलडेकर बसचा चालक दिवसभर बसून, तर वाहक दिवसभर जिने चढत-उतरत. वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण कमी निघाले. पुढे मॉरिस यांनी गणवेशांची मापे तपासली, तेव्हा चालकांच्या पँटचा कंबरघेर मोठा असल्याचेही दिसले. म्हणजे फरकामागे वजनाचाही वाटा असू शकत होता. पण पायी टपाल वाटणारे पोस्टमन आणि टेबलावर काम करणारे कारकून यांच्या तुलनेतही कल तोच होता.

शरीरात नेमके काय घडते?
जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा हिस्सा स्नायू उचलतात. एरवी त्यासाठी इन्सुलिन लागते. मात्र स्नायू काम करत असताना इन्सुलिनच्या मदतीशिवायही ते साखर आत घेऊ शकतात. म्हणूनच जेवणानंतर थोडे चालले की रक्तातील साखरेचा चढ कमी राहतो. आजी-आजोबांच्या शतपावलीला हा शास्त्रीय आधार आहे. याशिवाय नियमित व्यायामाने रक्तदाब उतरतो, झोप सुधारते, हाडे बळकट राहतात आणि नैराश्याची लक्षणे कमी होण्यास मदत होते.

सडपातळ असलेल्यांना गरज नाही?
आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचेच उदाहरण ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाटा समाधानकारक आकडा दाखवत असला तरी भारतीय शरीरात स्नायू कमी आणि चरबी जास्त असू शकते.

भारतात परिस्थिती काय?
‘द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मधील २०२४ च्या अंदाजानुसार, २०२२ मध्ये भारतातील जवळपास निम्म्या प्रौढांची हालचाल अपुरी होती. २००० मध्ये हे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. महिलांमध्ये ते ५७ टक्के, तर पुरुषांमध्ये ४२ टक्के आढळले.

मग किती आणि कसे?
जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम करावा. मध्यम म्हणजे चालताना बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही. हा वेग साधारण मिनिटाला १०० पावलांचा, म्हणजे अर्ध्या तासात सुमारे ३ हजार पावले. उरलेली पावले घरकाम, बाजार आणि प्रवासात पडतात.

फक्त चालणे मात्र पुरेसे नाही. आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद लावणारा व्यायाम हवा. खुर्चीतून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला टेकून पुशअप, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे यासाठी जिम लागत नाही. ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायामही करावेत.

हृदयविकार किंवा अनियंत्रित रक्तदाब असलेल्यांनी, तसेच चालताना छातीत दुखत असल्यास, आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. इतरांनी सध्याच्या सरासरीत रोज हजार पावलांची, म्हणजे साधारण दहा मिनिटांच्या चालण्याची भर घालून सुरुवात करायला हरकत नाही. घड्याळात ६,२०० दिसत असतील, तर तो दिवस वाया गेलेला नाही.