घरच्या दुरुस्तीनंतर अडलेली मोटार

मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार झालेली आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नांवानें ओळखली गेलेली मोटार अमरावतीच्या एखाद्या गृहस्थानें अजून जपून ठेविली आहे, अशी कल्पना करावी. रविवारीं त्यानें घरच्या घरीं तिचे प्लग बदलले, कार्ब्युरेटर उघडून धुतला आणि सर्व कांहीं जेथल्या तेथें बसविलें. सोमवारीं सकाळीं मुलांमाणसांसह अकोल्यास निघावयाचें, तों गाडी सुरू होईना. झाली तरी चार आचके देऊन बंद पडूं लागली. काल नुसती कुरकुर करणारी गाडी दुरुस्तीनें अधिकच बिघडावी याचें त्यास नवल वाटतें. पण दुरुस्तीनंतर लगेच उद्भवलेला दोष बहुधा दुरुस्तीच्या हातानेंच आलेला असतो, आणि म्हणूनच तो सांपडण्यास सोपा असतो. मात्र शोध क्रमानें झाला पाहिजे.

पेट्रोलचें इंजिन सुरू होण्यास चार गोष्टी लागतात: सुरुवातीचा जोरकस फेरा, योग्य वेळीं पडणारी ठिणगी, पेट्रोल आणि हवा. एक भाग पेट्रोल जळण्यास वजनानें सुमारें पंधरा भाग हवा लागते. यांपैकीं काय उणें आहे, हें गाडी स्वतःच सांगत असते.

किल्ली फिरवितांच नुसती टकटक होऊन इंजिन फिरत नसेल, तर प्लग व कार्ब्युरेटर यांच्या वाटेस जाऊंच नये. दिवे लावून सेल्फ मारावा. दिवे एकदम मंदावले, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या टोकांवरील पकड सैल अथवा मळकट आहे, असें समजावें. इंजिनाची अर्थिंगची तार दुरुस्तींत सोडली असल्यास तीही पाहावी. रंग लागलेल्या पत्र्यावर कसलेली तार असून नसल्यासारखीच.

इंजिन जोरानें फिरतें, पण पेट घेत नाहीं, असें असल्यास ठिणगीकडे वळावें. पद्मिनीच्या चार सिलिंडरांत ठिणगीचा क्रम १-३-४-२ असा आहे. प्लग बदलतांना चारही तारा एकदम उपसल्या आणि लावतांना दुसरी व तिसरी यांची अदलाबदल झाली, तर ठिणगी पडते, परंतु भलत्या वेळीं. इंजिन हिसके देतें आणि कार्ब्युरेटरांतून फटाक्यासारखा आवाज निघतो. म्हणून एका वेळीं एकच तार काढावी हा मिस्त्री लोकांचा नियम.

ठिणगी ठीक असेल तर प्लग काढून पाहावेत. ते कोरडे असल्यास पेट्रोल पोंचत नाहीं. पेट्रोलानें भिजलेले असल्यास तें फाजील येत आहे. कार्ब्युरेटरांतील तरंगी अडकली असेल किंवा सुईखालीं कचरा राहिला असेल. चोक ओढल्यावरच इंजिन तग धरीत असेल, तर मिश्रणांत पेट्रोल कमी किंवा हवा जास्त आहे. कार्ब्युरेटरखालचें पॅकिंग आणि हवेच्या रबरी नळ्या तपासाव्या, बारीक जेट पुन्हा साफ करावा. या सर्व वेळीं पेट्रोलाची वाफ आसपास असते, हें विसरूं नये. विडी, दिवा आणि उघडी ठिणगी तिच्यापासून दूरच हवीत; येथें घाई केल्यास गाडीच काय, घरही जळेल.

अमरावतीहून बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगांव मंजू असा अकोल्याचा रस्ता. अमरावती-अकोला दरम्यानच्या महामार्गावर जून २०२२ मध्यें ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत घातला गेला, आणि तो जागतिक विक्रम ठरला. रस्ता सुधारला, ऊन मात्र तेंच आहे. वैशाखांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. सकाळीं निमूट सुरू झालेली गाडी मूर्तिजापुरास थांबल्यावर पुन्हा सुरू होईना, तर पेट्रोल नळींतच उकळून त्याची वाफ झाली असण्याचा संभव फार. पंप मग द्रवाऐवजीं वाफ ओढतो. सावलींत थांबून पंपावर ओलें फडकें ठेवावें, हा जुना उपाय खरा आहे. परंतु दुरुस्तींत ती नळी तापणाऱ्या भागास टेकली असेल, तर फडक्यानें दोष झांकेल, जाणार नाहीं.

नव्या मोटारींत कार्ब्युरेटर नाहीं. पेट्रोलाचें माप विजेचें यंत्र ठरवितें. तेथेंही घरच्या दुरुस्तीनंतर प्रथम पाहावयाचें तें हेंच, कीं एखाद्या तारेचा जोड सैल राहिला आहे काय. पुढचें काम तपासणीचें यंत्र असलेल्या मिस्त्रीचें.

गृहस्थानें काय काय उघडलें तें कागदावर लिहावें आणि उलट्या क्रमानें एकेक पाहात जावें. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी व परिणाम पाहावा. दोन बदलल्या आणि गाडी सुरू झाली, तरी दोष कोणता होता तें कळत नाहीं. आणि न कळलेला दोष पुन्हा उद्भवतो तो भर दुपारीं, गांवापासून दूर, मुलें गाडींत असतांना.