पहिल्या दिवशी वाट दाखवणारा पडदा

हिंगोली जिल्ह्याचे संकेतस्थळ राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या (एनआयसी) ‘एस-थ्री-वास’ या सरकारी संकेतस्थळांसाठीच्या व्यवस्थेवर चालते. अशा संकेतस्थळाच्या डॅशबोर्डसमोर पहिल्यांदा बसणाऱ्याला निविदेची सूचना कुठून टाकायची, हे चटकन सापडत नाही. त्यासाठी मार्गदर्शक फेरी बांधता येते: बाकी पडदा अंधुक होतो, एकच बटण उजळते, शेजारच्या चौकटीत दोन ओळी, आणि त्या मराठीतच हव्यात. फेरीची प्रत्येक पायरी त्या-त्या बटणाच्या सांकेतिक नावाला जोडलेली असते. पडद्याची रचना बदलली की फेरी रिकाम्या जागेकडे बोट दाखवू लागते. म्हणून दर बदलानंतर ती तपासावीच लागते. पायऱ्या पाच-सहाच बऱ्या. ‘वगळा’ हे बटण हवे, पण ‘मदत’मधून फेरी पुन्हा सुरूही करता यावी. सेनगावहून बदलून आलेल्या कर्मचाऱ्याला तिची गरज महिन्याभरानेही पडू शकते.