जायबंद जवानांच्या उशाशीं

सात डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन. १९४९ सालापासून हा दिवस आपण पाळीत आलों आहों. त्या दिवशीं मुलें शाळेंतून छोटे ध्वज घेऊन घरीं येतात, वडील माणसें त्यांच्या हातावर कांहीं पैसे ठेवतात, ध्वज छातीवर लावला जातो आणि संध्याकाळपर्यंत तो कोठें तरी गळून पडतो. दिलेल्या पैशाचें पुढें काय होतें, ही चौकशी फारच थोड्या घरांत होत असेल. ती व्हावी, एवढ्याच हेतूनें या चार गोष्टी वाचकांपुढें मांडीत आहें.

बदनापूर हें जालना आणि छत्रपति संभाजीनगर यांच्या दरम्यान, मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावर वसलेलें तालुक्याचें गांव. तेथील कृषि संशोधन केंद्रामुळें तूर पिकविणाऱ्या शेतकऱ्यांना तें चांगलें ठाऊक आहे. याच जालना जिल्ह्यांत असई येथें २३ सप्टेंबर १८०३ रोजीं शिंदे-भोसल्यांच्या फौजांशीं आर्थर वेलस्लीची मोठी लढाई झाली. जय मिळालेल्या वेलस्लीच्याच बाजूचे दीड हजारांहून अधिक लोक त्या दिवशीं मेले किंवा जखमी झाले. कोण जिंकलें हें कोणताहि विद्यार्थी सांगेल. त्या जखमींना पाणी कोणीं पाजलें आणि पुढें वर्षानुवर्षें त्यांना कोणीं सांभाळलें, हें मात्र कोणी विचारीत नाहीं. लढाईला तारीख असते. शुश्रूषेला ती नसते.

आतां आजच्या काळची एक गोष्ट कल्पनेनें डोळ्यांपुढें आणूं. समजा, बदनापूर तालुक्यांतील एक पंचवीस वर्षांचा जवान सीमेवर पाठीच्या कण्याला इजा होऊन पडला. लष्करी इस्पितळानें त्याचा जीव वाचविला; पण कमरेखालचें शरीर कायमचें लुळें झालें. अशा माणसाला तेथें वेदना कळत नाहीं, आणि खरा धोका तोच. निजल्या जागीं दर दोन तासांनीं त्याची कूस पालटावी लागते; रात्रींहि हा नेम चुकवून चालत नाहीं. चुकला तर अंगाला शय्याव्रण पडतात, ते हाडापर्यंत जातात आणि कित्येकदां प्राणावर बेततात. लघवीच्या नळीची स्वच्छता राहिली नाहीं तर जंतुसंसर्ग होऊन मूत्रपिंडें बिघडतात. मानेजवळ इजा झाली असेल तर हातहि चालत नाहींत. मग पाण्याचा पेला ओठाशीं नेण्यासाठीं दुसऱ्याचा हात लागतो. आणि हें सर्व महिना-दोन महिने नव्हे, तीस-चाळीस वर्षें.

आपल्या एकत्र कुटुंबांत अशा माणसाचें होतें, असें आपण अभिमानानें म्हणतों. म्हणणें अगदीं खोटें नाहीं. परंतु दहा माणसांच्या घरांतहि रात्रीं दोन वाजतां उठणारें माणूस बहुधा एकच असतें. तें म्हणजे पत्नी किंवा आई. तिची पाठ कधीं भरून येते, तिची झोप किती वर्षें पुरी झालेली नसते, याचा हिशेब घरांतील कोणत्याहि वहींत नसतो. आतां तर मुलगे पुण्या-मुंबईस, सुना नोकरीवर, आणि गांवच्या घरांत दोन थकलीं माणसें. तेव्हां केवळ मायेवर विसंबून हा भार उचलला जाईल, ही आशा बाळगणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

अशा जवानांसाठीं महाराष्ट्रांत एक आसरा आहे. बदनापुराहून अडीचशे किलोमीटरांहून अधिक अंतरावर, पुण्याजवळ खडकी येथें १९७४ सालीं, म्हणजे १९७१ च्या युद्धानंतर तीन वर्षांच्या आंत, पक्षाघात पुनर्वसन केंद्र स्थापन झालें. कण्याच्या दुखापतीनें पंगु झालेले तिन्ही सेनादलांतील जवान तेथें राहतात. त्यांच्यासाठीं व्यायाम आहे, कामकाज आहे, चाकांच्या खुर्चीवरून खेळावयाचे खेळहि आहेत. खडकीची ही परंपरा जुनी आहे. पहिल्या महायुद्धांत जायबंद झालेल्या हिंदी शिपायांना धंदेशिक्षण देण्यासाठीं १९१७ मध्यें मुंबईंत निघालेली क्वीन मेरीज संस्था पुढें खडकीसच आली. केंद्रीय सैनिक मंडळ पक्षाघात केंद्राला अनुदान देतें, आणि तें अनुदान ज्या निधींतून येतें तो म्हणजेच सशस्त्र सेना ध्वजदिन निधि. मुलाच्या छातीवरचा तो ध्वज असा खडकीपर्यंत पोंचतो.

पण येथेंच एका प्रश्नाकडे वाचकांचें लक्ष वेधावयाचें आहे. दान करणाऱ्याला वस्तु आवडते. इमारत, रुग्णवाहिका, चाकांची खुर्ची यांवर नांव कोरतां येतें. रात्रपाळीच्या परिचारकाच्या पगारावर कोणाचेंहि नांव कोरतां येत नाहीं. म्हणून दीर्घकाळ शुश्रूषा करणाऱ्या संस्थांना खोल्या मिळणें सोपें जातें आणि माणसें मिळणें कठीण जातें. खुर्ची एकदां घेतली कीं झालें. पगार दर महिन्याच्या अखेरीस पुन्हां उभा राहतो.

थोडा हिशेब करूं. आठवड्याचे तास १६८. एक माणूस आठवड्याला ४८ तास काम करतें असें धरलें, तर एका खाटेजवळची एक जागा अहोरात्र भरलेली ठेवण्यास साडेतीन माणसें लागतात. रजा, आजारपण आणि सणवार धरतां पांच. म्हणजे आपण ज्याला एक परिचारक म्हणतों तो वास्तविक पांच पगारांचा असतो. दरमहा २०,००० रुपये वेतन धरलें तर एका जागेचा वर्षाचा खर्च १२ लाख रुपये होतो. सात टक्के व्याजानें तो कायमचा भागवावयाचा असेल, तर सुमारें १ कोटी ७१ लाखांची ठेव हवी. उलट, २०० घरांनीं महिना ५०० रुपये नेमानें दिले तरीहि तीच जागा चालते.

वीस हजारांचा आंकडा उगाच घेतलेला नाहीं. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशावरून नेमलेल्या समितीनें २०१६ मध्यें शिफारस केली कीं, लहानांत लहान खाजगी रुग्णालयांतहि परिचारिकेचें वेतन यापेक्षां कमी नसावें. त्याच परिचारिकेला आखाती देशांत किंवा विलायतेंत कितीतरी अधिक मिळतें. मग ती गेली तर तिला दोष कोणीं द्यावा? दोष देण्यापेक्षां ती राहील असें करावें. राहण्यास जवळ जागा, रात्रपाळीचा वेगळा भत्ता, मुलांच्या शिक्षणाची सोय, पुढील शिक्षणाची फी, भविष्यनिर्वाह निधि, जड शरीर उचलण्यास साधनें—माणूस यांनीं टिकतें. आणि तें टिकणें हा रोग्याच्या दृष्टीनें केवळ सोयीचा प्रश्न नव्हे. दर सहा महिन्यांनीं नवा परिचारक आला, कीं आपल्या शरीराच्या साऱ्या लाजिरवाण्या गोष्टी त्या जवानाला नव्या माणसाजवळ पुन्हां पहिल्यापासून सांगाव्या लागतात.

पाश्चात्त्य राष्ट्रांनीं सैनिकांसाठीं घरें फार पूर्वीं बांधलीं. पॅरिसचें अॅंव्हालीद चौदाव्या लुईनें १६७० मध्यें, तर लंडनचें चेल्सी दुसऱ्या चार्ल्सनें १६८२ मध्यें आरंभिलें. पण घरांत राबणारीं माणसें टिकवावीं कशीं, हा विचार तेथेंहि उशिराच सुचला. अमेरिकेंत घटक राज्यांनीं चालविलेलीं माजी सैनिकांचीं निवासगृहें आहेत. मध्यवर्ती सरकार त्यांना दर रहिवाशामागें दर दिवसाला ठराविक रक्कम देतें. तेवढ्यानें भागेना, म्हणून २००४ सालीं तेथें निराळी तरतूद झाली. परिचारिकांची टंचाई दाखवून देणाऱ्या राज्यानें त्यांना आणण्याची व टिकविण्याची योजना आंखली, तर तिच्या खर्चांतील जास्तींत जास्त निम्मा वांटा मध्यवर्ती सरकार उचलतें. उरलेला राज्यानें उभा करावयाचा. मदत द्यावी, पण घेणाऱ्यालाहि कांहीं वांटा उचलावयास लावावा, हें या योजनेंतील तत्त्व आपल्याकडेहि घेण्याजोगें आहे.

आपल्या घरापुरतें काय करतां येईल? एक तर ध्वजदिनाचें दान नाण्यांवर न भागवतां घरच्या वार्षिक अंदाजपत्रकांत त्याला ओळ द्यावी. दुसरें, श्राद्ध, साठीशांत, लग्न अशा प्रसंगीं शुश्रूषेच्या संस्थेस देणगी देतांना “कर्मचाऱ्यांच्या वेतनासाठीं” असे शब्द स्पष्ट लिहावे. तिसरें, आपल्याच मुलामुलींपैकीं कोणी परिचर्येचें शिक्षण घ्यावयाचें म्हटलें, तर सुशिक्षित घरांतहि अजून कपाळाला आठी पडते. ती पडूं देऊं नये. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय जालना येथेंहि आहे. तेथें जाऊन आपल्या तालुक्यांतील जायबंद जवानांची चौकशी करण्यास कोणाचीच हरकत नसावी.

बदनापूरसारख्या तालुक्याच्या गांवीं दोनशे घरें मिळणें अवघड नाहीं. तेवढीं मिळालीं, तर कोठल्या तरी एका खाटेजवळ रात्रीं दोन वाजतां कूस पालटावयास येणारें माणूस ठरलेल्या वेळीं येईल, आणि पुढल्या वर्षींहि तेंच असेल.