ग्रिझली अस्वल आणि माणसाचे खरकटे

उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडील गिरिप्रदेशात वास करणारे, खांद्यावरील मांसल उंचवट्यावरून सहज ओळखू येणारे आणि अवजड देह असूनही ताशी ५० किलोमीटरहून अधिक वेगाने धावणारे ग्रिझली अस्वल गोऱ्या वसाहतवाल्यांच्या मनात दीर्घकाळ मूर्तिमंत क्रौर्य होऊन बसले होते. १८२३ साली एका मादीने ह्यू ग्लास या शिकाऱ्याला जबर जखमी केले, तो वाचत नाही असे मानून सोबत्यांनी त्याला रानातच टाकले आणि तरीही तो एकाकी वाट तुडवीत दूरच्या व्यापारी ठाण्यावर पोहोचला, ही हकिगत त्या समजुतीस पिढ्यान्‌पिढ्या बळ देत राहिली. परंतु गेल्या शतकाचे दप्तर निःपक्षपातीपणे चाळले, तर या प्राण्याच्या नावावर मांडलेल्या कित्येक अनर्थांचे मूळ माणसाच्या बेबंद कारभारात सापडते.

मोंटाना राज्यातील ग्लेशियर राष्ट्रीय उद्यान १९१० साली स्थापन झाले, आणि त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ तेथे ग्रिझलीने एकाही माणसाचा बळी घेतला नव्हता. १३ ऑगस्ट १९६७ रोजी मात्र एकाच रात्री, काही मैलांच्या अंतरावरील दोन मुक्कामी, दोन निरनिराळ्या अस्वलांनी उघड्यावर झोपलेल्या, प्रत्येकी १९ वर्षांच्या दोन तरुणींना ठार केले. हा योगायोग विलक्षण खरा, पण तो निष्कारण नव्हता. ग्रॅनाइट पार्क येथील विश्रामगृहामागे मुदपाकखान्यातील खरकटे टाकले जाई, ते खाण्यास रात्री अस्वले येत, आणि तो देखावा पाहण्यास पाहुणे हौसेने जमत. ट्राउट सरोवराकडचे कृश अस्वल तर त्या उन्हाळ्यात प्रवाशांच्या मुक्कामांवर अन्नासाठी निर्भयपणे शिरत होते.

या आघातानंतर उद्यानांचा अंमल बदलला. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातील उकिरडे १९७० च्या सुमारास बंद झाले. तथापि दीर्घकाळ त्यांवर पोसलेल्या अस्वलांचे अन्न एकाएकी तोडू नये, हा फ्रँक व जॉन क्रेगहेड या अभ्यासक बंधूंचा सल्ला मानला गेला नाही. भुकेली अस्वले वस्त्यांकडे वळली आणि मोठ्या संख्येने मारली गेली. अखेर १९७५ साली अलास्का वगळता उर्वरित अमेरिकेतील ग्रिझलीला कायद्याचे संरक्षण द्यावे लागले.

कॅनडातील शास्त्रज्ञ स्टीफन हेरेरो यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशा हल्ल्यांची साधार मीमांसा केली. अकस्मात समोर आलेला माणूस, पिलांसह असलेली मादी, राखून ठेवलेले भक्ष्य ही आत्मरक्षणार्थ हल्ल्याची नेहमीची कारणे होत. म्हणूनच दाट झाडीतून बोलत चालावे, अन्न निजण्याच्या जागेपासून दूर व बंदिस्त ठेवावे, मिरचीतील दाहक द्रव्याचा फवारा हाताशी असावा, आणि अस्वल दिसताच पळत सुटू नये, अशी तजवीज तेथे सांगितली जाते.

आपल्या विदर्भातील अस्वल जातीने निराळे व आकाराने लहान. तरी मोहफुले वेचण्यास पहाटे रानात शिरलेल्या माणसाची त्याच्याशी जी गाठ पडते, तिच्यामागेही बहुधा हीच अकल्पित जवळीक असते. मात्र ग्लेशियरचे पाहुणे मौजेखातर जमत, तर हे लोक पोटासाठी जातात. त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. परंतु जो केवळ हौसेने अरण्यात जातो, त्याने आपल्या शिदोरीचा एक कणही तेथे मागे ठेवू नये, कारण त्या कणाची किंमत पुढे दुसरा कोणी माणूस किंवा ते अस्वल प्राणांनी चुकवते.