साताऱ्यातील मीराआत्या

घाटकोपर-मुलुंडच्या आपल्या घरांत बाबासाहेबांची तसबीर असतेच. त्यांच्या मीराआत्या मात्र किती भगिनींना ठाऊक आहेत?

माता भीमाबाई साताऱ्यास निवर्तल्या. सुभेदार रामजी खटाव तालुक्यातील गोरेगावी खजिनदार होते, बहिणी सासरी. घरी वडीलधारी ही एक आत्याच. ठेंगणी, पायांनी अधू. कित्येकदा तिला उचलून न्यावे लागे, पण जीव फार मायाळू. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ लिहिताना बाबासाहेब तिला विसरले नाहीत.

स्वयंपाक तिला जमत नसे. भीमराव, त्यांचा भाऊ आणि दोन भाचे शाळा सांभाळून चूल पेटवीत. भाकरी येईना, म्हणून पुलाव रांधीत. (आपल्या किती मुलग्यांना तेवढा तरी येतो?)

१९०१ च्या उन्हाळी सुट्टीत मुले वडिलांकडे निघाली, तेव्हा आत्याला शेजाऱ्यांच्या हवाली केले. मसूर स्टेशनावर जात कळताच गाडीवाल्यांनी नकार दिला, तो हाच प्रवास.